मोबाईलच्या काचेची निगा

औताचा फाळ बोथट झाला, की आपण तो लोहाराकडून पाजवून आणतो. सायकलची साखळी कोरडी पडली, की तिला तेल सोडतो. ज्या वस्तूवर आपले काम चालते तिची निगा राखावी लागते. हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

आता घरोघर एक नवी वस्तू आली आहे. ती म्हणजे टचचा मोबाईल. त्याच्या तोंडावर सगळी काचच असते. त्या काचेवर बोट फिरवले की फोन चालतो. सातबारा त्यावर दिसतो. बाजारभाव त्यावर कळतो. २०२१ सालापासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून शेतातल्या पिकाची नोंदही शेतकरी आपल्या मोबाईलवरून करतो. पैसे द्यायचे, पैसे घ्यायचे, तेही त्यावरच. या सगळ्या कामांची वाट त्या एका काचेतून जाते.

म्हणून ती काच फुटली तर नुसती शोभा जात नाही. बँकेचा निरोप येतो. त्यात आकडे असतात. काचेला तडा गेला असेल, तर इंग्रजी तीन आणि आठ सारखेच दिसू लागतात. पैसे देताना पिन दाबावा लागतो. काच बिघडली असेल, तर एखादा आकडा कितीही दाबला तरी उमटत नाही. मग आपण शेजारच्या पोराला म्हणतो, "बाबा रे, एवढा माझा पिन दाबून दे." जो आकडा कोणालाच सांगायचा नसतो, तो असा सांगून बसतो. कष्टाने वाचायला शिकलेला माणूस पुन्हा दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहतो.

तेव्हा या काचेला चरे कशाने पडतात, ती फुटते का, आणि ती कशी सांभाळावी, हे समजून घेऊ.

चरा कशाने पडतो?

कठीण वस्तू मऊ वस्तूवर चरा पाडते. मऊ वस्तू कठीण वस्तूवर चरा पाडू शकत नाही. साबणावर नखाने रेघ ओढता येते. काचेवर नखाने रेघ उमटत नाही.

फ्रीडरिश मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली याचीच एक पंगत लावली. सर्वांत मऊ शंखजिरे, त्याला त्याने १ नंबर दिला. सर्वांत कठीण हिरा, त्याला १० नंबर दिला. बाकीची खनिजे मध्ये बसवली. ज्याचा नंबर वरचा, तो खालच्या नंबरावर चरा पाडतो.

या पंगतीत आपले नख अडीचच्या जवळ बसते. तांबे तीनच्या आसपास. साधी काच साडेपाचच्या आसपास. मोबाईलची काच तिच्याहून थोडी वर. आणि गारगोटी? गारगोटीचा नंबर ७.

आता ध्यानात आले ना? काचेचा खरा वैरी म्हणजे गारगोटी. आपण काही खिशात गारगोट्या घेऊन हिंडत नाही, असे तुम्ही म्हणाल. पण आपण घेऊन हिंडतो! नदीच्या वाळूत आणि रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. खिशाच्या तळाशी ते साठून राहतात. पिशवीच्या कोपऱ्यात राहतात. चालताना फोन हलतो आणि कण काचेवर घासतात.

लोकांना वाटते, किल्लीने किंवा नाण्याने चरे पडतात. पितळेची किल्ली काचेहून मऊ असते. तिने सहसा चरा पडत नाही. पण किल्ली आणि काच यांच्यामध्ये वाळूचा एक कण सापडला, तर किल्ली तो कण काचेवर दाबते. जात्यात सापडल्यासारखे होते. म्हणून फोन आणि किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत ठेवाव्यात, हेच बरे.

दुसरी चूक फोन पुसताना होते. शेतातून आलो, फोनवर धूळ दिसली, की आपण तो पदराला, सोग्याला नाहीतर सदऱ्याला खसाखसा पुसतो. कापडावर धूळ, काचेवरही धूळ. सुताराचा काचकागद याहून वेगळा काय असतो? कागदावर कण चिकटवलेले असतात, एवढेच.

चऱ्यातून तडा कसा जातो?

बारीक चरा पडला म्हणून काय बिघडले, असे वाटते. पण काच कापणारा माणूस आठवा. तो काच करवतीने कापत नाही. हिरकणीने काचेवर फक्त एक रेघ ओढतो. मग दोन्ही बाजूंनी हलकेच दाबतो. काच बरोबर त्या रेघेवर दुभंगते. काचेचे असेच आहे. जिथे चरा, तिथे ती दुबळी. फोन पडला की त्याला हिसका बसतो, आणि जिथे काच आधीच दुबळी आहे तिथून तडा धावतो.

मोबाईलची काच साध्या काचेहून बळकट असते. ती कशी करतात?

बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना तुम्ही पाहिले असेल. लोखंडी धाव चाकाहून किंचित लहान असते. ती तापवून लाल करतात. तापली की ती फुगते आणि चाकावर बसते. मग पाणी ओततात. धाव आकसते आणि सगळे चाक आवळून धरते. आवळलेले चाक खिळखिळे होत नाही.

मोबाईलच्या काचेलाही असेच आवळतात, पण रीत निराळी. काच पालाशाच्या वितळलेल्या क्षारात बुडवून ठेवतात. पालाश आपल्या ओळखीचा आहे. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश असे लिहिलेले असते, त्यातलाच तो. क्षार सुमारे ४०० अंशांपर्यंत तापवलेला असतो. काचेत सोडियमचे कण असतात. ते लहान असतात. पालाशाचे कण मोठे असतात. त्या उष्णतेत लहान कण काचेतून बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी मोठे कण घुसतात. भरलेल्या एस. टी.त बारक्या पोरांच्या जागी धिप्पाड माणसे बसवली तर काय होईल? गर्दी दाटेल. तशी काचेच्या कातडीत दाटी होते. ती आवळली जाते. मग चरा सहजासहजी तोंड उघडत नाही. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीची अशी 'गोरिला' नावाची काच २००७ सालापासून फोनला बसू लागली. आता अशा काचा करणाऱ्या इतरही कंपन्या आहेत.

पण ही आवळलेली कातडी किती जाड? फार तर डोक्याच्या केसाएवढी. खोल चरा ती भेदून आत गेला, की आवळण्याचा उपयोग संपला. म्हणून "माझ्या फोनची काच मजबूत आहे" म्हणून गाफील राहू नये.

वरून लावायची काच

मोबाईलच्या दुकानात एक जादा काच मिळते. तिला टेम्पर्ड ग्लास म्हणतात. ती मूळ काचेवर चिकटवतात. तिच्याविषयी दुकानात अशी बोलणी चालतात:

"मामा, ही काच घ्या. नऊ एच आहे. हिऱ्याच्या खालोखाल!"

"अरे बाळा, हिरा दहावा ना? मग ही नववी का?"

"तसंच समजा की."

तसे समजू नये. पाकिटावरचा नऊ एच हा मोसच्या पंगतीतला नंबर नव्हे. तो पेन्सिलीचा नंबर आहे. पेन्सिली मऊ आणि कडक अशा अनेक प्रकारच्या असतात. नऊ एच ही फार कडक पेन्सिल. तिने रेघ ओढली तरी या काचेवर चरा उमटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गारगोटीचा कण मात्र या काचेवरही चरा पाडतो.

मग ती लावू नये काय? जरूर लावावी. चरा पडायचा तो वरच्या काचेवर पडतो. फोन पडला तर पुष्कळदा वरची काच फुटते आणि खालची वाचते. वरची काच थोड्या पैशांत बदलता येते. मूळ काच बदलायला फार खर्च येतो. बैलाच्या खुराला नाल मारतात, तसेच हे आहे. झिजायचे ते नालाने झिजावे, खुराने नव्हे.

प्लास्टिकची पातळ पट्टीही मिळते. ती स्वस्त असते. ती चऱ्यांपासून वाचवते, पण आपटण्यापासून फारसे वाचवत नाही.

जादा काच घरी लावायची असेल तर अशी लावावी. पंखा बंद करावा. जमीन ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, म्हणजे धूळ उडणार नाही. हात धुऊन कोरडे करावेत. काचेच्या पाकिटात पुसायची कापडे येतात. आधी ओल्याने, मग कोरड्याने फोन पुसावा. एखादा कण उरला तर चिकटपट्टीने टिपून घ्यावा. मग जादा काच कडेला कड लावून सरळ ठेवावी आणि मध्यावर बोट टेकवावे. ती आपोआप चिकटत जाते. राहिलेली हवा मधून कडेकडे दाबत काढावी.

कव्हर आणि कोपरे

फोन सपाट पडला तर बरेचदा निभावतो. कोपऱ्यावर पडला तर सगळा मार एका जागी बसतो. म्हणून रबरी कव्हर असावे. ते घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. कोपरे जाड असावेत. आणि कव्हरची कड काचेहून थोडी उंच असावी. फोन पालथा ठेवला तरी काच जमिनीला टेकता कामा नये.

कव्हरच्या आतही धूळ शिरते. आठवड्यातून एकदा ते काढावे, धुवावे, पुरते वाळवावे आणि मगच चढवावे.

फोन कसा पुसावा?

आधी फोन बंद करावा. मग तो तिरका धरून हलकी फुंकर मारावी. सुटे कण निघून जातात. नंतर धुतलेले, मऊ सुती फडके घ्यावे. ते किंचित ओले करून पिळावे आणि काचेवरून हलक्या हाताने फिरवावे. शेवटी कोरडे फडके फिरवावे. हे फडके फोनसाठीच वेगळे ठेवावे. चष्म्याचे फडके असेल तर उत्तमच.

राख, माती, भांड्यांची पावडर, काथ्या यांनी काच कधी घासू नये. काही जण सांगतात, टूथपेस्ट लावून घासले की चरे जातात. ते खरे नाही. चरा म्हणजे काचेतली उणीव. ती घासून भरून येत नाही. उलट टूथपेस्टमधल्या पावडरीने काच धुरकट होते. मोबाईलच्या काचेवर एक फार पातळ लेप असतो. त्यामुळे बोटांचे तेल सहज पुसले जाते. घासल्याने तो लेपही निघून जातो.

कॅमेऱ्याची बारीक काचही याच रीतीने पुसावी. तिच्यावर चरे पडले तर फोटो पुसट येतो. मग पिकाचा किंवा कागदाचा फोटो स्पष्ट दिसत नाही.

फोन कोठे ठेवू नये?

सदऱ्याच्या वरच्या खिशात फोन ठेवून विहिरीत वाकू नये. विजारीच्या मागच्या खिशात ठेवून बसू नये. उन्हात ट्रॅक्टरवर किंवा बांधावर ठेवू नये. उन्हाने बॅटरी बिघडते. बिघडलेली बॅटरी कधी कधी फुगते आणि आतून काच उचलते. काच एका बाजूने वर आलेली दिसली, तर ती दाबून बसवू नये. चार्जिंग बंद करून फोन जाणत्या माणसाकडे न्यावा. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

फवारणीच्या हातांनी फोन धरू नये. विष काचेवर लागते आणि तोच फोन आपण तोंडाजवळ नेतो. ओल्या बोटांनीही फोन नीट चालत नाही. काचेला बोटातली वीज थोडी जाणवते, त्यावर ती चालते. पाण्याचा थेंबही तिला बोटासारखा वाटतो. म्हणून पावसात फोन वेड्यासारखा वागतो. तेव्हा काच जोराने दाबून उपयोग नाही. हात पुसावा, काच पुसावी.

तडा गेलाच तर?

काच फुटली, तर तिच्यावर लगेच रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावावी. बारीक कुसळे बोटात जाणार नाहीत. असा फोन लहान मुलांच्या हाती देऊ नये. तड्यातून पाणी आत जाते, म्हणून तो ओलाव्यापासून दूर ठेवावा.

दुरुस्तीआधी किंमत विचारावी. पावती घ्यावी. आपले सिमकार्ड काढून जवळ ठेवावे. जमले तर काम होईपर्यंत दुकानात बसावे. आणि पैशांचा पिन दुरुस्ती करणाऱ्यालाही सांगू नये. काच बदलायला त्याची गरज नसते.

एक काम मात्र आजच करावे. फोन चांगला आहे तोवर मुलांचे, दवाखान्याचे, दुकानदाराचे नंबर वहीत लिहून ठेवावेत. आता तुम्हाला लिहिता येते. काच फुटली तरी वही फुटत नाही. पिन तेवढा वहीत लिहू नये.

लक्षात ठेवा

१. काचेचा वैरी वाळूचा कण आहे. खिसा झटकत जा.

२. धूळ असलेली काच कोरडी घासू नका. आधी फुंकर, मग फडके.

३. जादा काच आणि जाड कोपऱ्यांचे कव्हर लावा.

४. राख, पावडर, टूथपेस्ट लावू नका.

५. फुगलेला फोन दाबू नका आणि चार्जिंगला लावू नका.

६. काच फुटली तरी पिन दुसऱ्याला सांगू नका.