स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाची काडतुसे

स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाची काडतुसे म्हणजे जिवावर बेतलेल्या हल्ल्याच्या वेळी वापरण्यासाठी पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये भरून जवळ बाळगली जाणारी काडतुसे होत. सरावाच्या काडतुसांपेक्षा ती मुख्यतः गोळीच्या रचनेत वेगळी असतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामान्य नागरिकांना मोठ्या प्रमाणावर शस्त्र जवळ बाळगता येत असल्याने या काडतुसांची निवड, चाचणी आणि त्यांविषयीचे वाद प्रामुख्याने त्या देशात घडले आहेत. निवडीच्या मुळाशी दोन परस्परविरोधी गरजा आहेत. गोळी हल्लेखोराच्या शरीरात पुरेशी खोल गेली पाहिजे. आणि ती आरपार जाऊन मागे उभ्या असलेल्या निरपराध माणसाला लागता कामा नये.

रचना

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्राइमर, आतील दारू आणि टोकाशी असलेली गोळी. सरावाच्या काडतुसात बहुधा शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे अखंड आवरण असलेली गोळी असते. ती स्वस्त असते, पिस्तुलात सहसा अडकत नाही. मात्र शरीरात शिरल्यावर तिचा आकार फारसा बदलत नाही आणि ती आरपार जाण्याचा संभव अधिक असतो.

स्वसंरक्षणाच्या काडतुसात सामान्यतः पोकळ टोकाची गोळी वापरतात. तिच्या टोकाला खळगा असतो. गोळी शरीरात शिरली की खळग्यात ऊती व द्रव दाबाने भरतात, त्याच्या कडा बाहेरच्या बाजूस वळतात आणि गोळी अळंबीच्या आकारासारखी पसरते. तिचा व्यास वाढल्याने जखम रुंद होते आणि तिचा वेगही लवकर कमी होतो. जाड कापडातून जाताना खळग्यात धागे अडकले, तर गोळी पसरत नाही व अखंड आवरणाच्या गोळीप्रमाणेच वागते. हा दोष टाळण्यासाठी काही उत्पादक खळग्यात मऊ पॉलिमर भरतात. गाभा आणि आवरण विलग होऊ नयेत म्हणून ते एकमेकांशी घट्ट जोडलेल्या गोळ्याही बनवल्या जातात.

इतिहास

प्रसरण पावणाऱ्या गोळ्यांच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा भारतात घडला. कोलकात्याजवळील दमदम येथील शस्त्रागारात १८९० च्या दशकात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी .३०३ रायफलसाठी टोकाचे आवरण उघडे ठेवलेली गोळी तयार केली. तीवरूनच अशा गोळ्यांना ‘दमदम गोळी’ हे नाव पडले. २९ जुलै १८९९ रोजीच्या हेग जाहीरनाम्याने शरीरात पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास मनाई केली. ही मनाई स्वाक्षरी करणाऱ्या राष्ट्रांमधील युद्धापुरती होती. देशांतर्गत पोलीस कारवाई किंवा नागरी स्वसंरक्षण तिच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे सैन्यात अखंड आवरणाच्या गोळ्या आणि पोलिसांकडे पोकळ टोकाच्या गोळ्या, असे वरवर विसंगत वाटणारे चित्र अनेक देशांत दिसते.

अमेरिकेत या विषयाला वळण देणारी घटना ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीजवळ घडली. बँक लुटणाऱ्या दोन संशयितांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले व पाच जखमी झाले. चकमकीच्या सुरुवातीच्या काळातच एका संशयिताला ९ मिमी व्यासाची पोकळ टोकाची गोळी लागली. ती दंडातून छातीत शिरली. परंतु हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली. जखम प्राणघातक होती, तरी तो त्यानंतरही गोळीबार करत राहिला. या घटनेनंतर एफबीआयने गोळीच्या प्रसरणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व तिच्या भेदनक्षमतेला दिले.

त्यानंतर एफबीआयने आधी १० मिमी आणि मग १९९० मध्ये बाजारात आलेले .४० एस अँड डब्ल्यू हे अधिक शक्तिशाली काडतूस स्वीकारले. दरम्यान गोळ्यांच्या रचनेत सुधारणा झाल्याने ९ मिमी काडतुसाचे चाचणीतील निष्कर्ष मोठ्या व्यासाच्या काडतुसांच्या जवळ आले, आणि २०१० च्या दशकात ही संस्था पुन्हा ९ मिमीकडे वळली. झटका कमी असल्याने बहुतेकांना त्याने अधिक जलद व अचूक गोळीबार करता येतो, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

चाचणी

गोळीची कामगिरी मोजण्यासाठी १० टक्के तीव्रतेच्या जिलेटिनचा ठोकळा वापरतात. अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांच्या संशोधनामुळे ही पद्धत रूढ झाली. ठोकळा योग्य घनतेचा आहे की नाही, हे त्यावर ठरावीक वेगाने लहान पोलादी छर्रा झाडून आधी तपासले जाते.

एफबीआयच्या पद्धतीत उघडा ठोकळा, जाड कपडे, पोलादी पत्रा, जिप्समची भिंत, प्लायवूड आणि मोटारीची काच अशा सहा परिस्थितींत गोळी झाडतात. किमान १२ इंच (सुमारे ३० सेंमी) व कमाल १८ इंच (सुमारे ४६ सेंमी) भेदन इष्ट मानले जाते. मानवी छातीची जाडी याहून कमी असली, तरी गोळी तिरपी लागू शकते किंवा आधी हातातून जाऊ शकते, म्हणून किमान मर्यादा एवढी ठेवली आहे. जिलेटिन हे मोजमापाचे एकसमान माध्यम आहे. त्यात हाडे किंवा वेगवेगळ्या घनतेचे अवयव नसतात. त्यामुळे त्यातील खोली ही प्रत्यक्ष शरीरातील खोली नव्हे, तर गोळ्यांची परस्परांशी तुलना करण्याचे साधन आहे.

निवडीचे निकष

विश्वासार्हता : प्रत्येक वेळी काडतूस नळीत नीट भरले जाणे आणि झाडले जाणे हा पहिला निकष होय. एखाद्या पिस्तुलात पोकळ टोकाची काडतुसे अडकू शकतात. म्हणून निवडलेले काडतूस त्याच पिस्तुलातून पुरेशा संख्येने झाडून पाहण्याचा सल्ला प्रशिक्षक देतात.

नळीची लांबी : खिशात मावणाऱ्या पिस्तुलाची नळी आखूड असल्याने गोळीचा वेग घटतो आणि ती न पसरण्याची शक्यता वाढते. यासाठी कमी वेगातही पसरणाऱ्या गोळ्या मिळतात.

गोळीचे वजन : हे ग्रेनमध्ये मोजतात. ९ मिमीसाठी ११५, १२४ व १४७ ग्रेन (सुमारे ७.५, ८ व ९.५ ग्रॅम) ही वजने प्रचलित आहेत. हलकी गोळी अधिक वेगवान, तर जड गोळी तुलनेने संथ असते.

दाब : ‘प्लस पी’ अशी खूण असलेल्या काडतुसात नेहमीपेक्षा अधिक दाब निर्माण होतो. ९ मिमीसाठी अमेरिकी उद्योगमानकानुसार कमाल दाब ३५,००० पौंड प्रति चौरस इंच, तर प्लस पी साठी ३८,५०० आहे. पिस्तूल अशा दाबासाठी बनवलेले नसल्यास ही काडतुसे वापरू नयेत.

साठवण : एकच काडतूस वारंवार नळीत भरल्याने गोळी पुंगळीत मागे सरकू शकते. असे काडतूस झाडल्यास दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो.

गैरसमज

‘रोखशक्ती’ या नावाने एका गोळीत माणूस कोसळतो, अशी समजूत लोकप्रिय आहे. प्रत्यक्षात पिस्तुलाच्या गोळीने माणूस मागे फेकला जात नाही. मेंदू किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागावर आघात झाल्यासच हालचाल तत्काळ थांबते. अन्यथा रक्तस्राव होऊन शुद्ध हरपण्यास काही सेकंद वा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. गोळी लागण्याची जागा व खोली तिच्या नावापेक्षा अधिक निर्णायक असते.

पोकळ टोकाची गोळी केवळ अधिक क्रूर आहे, हा समजही अपुरा आहे. ती अधिक गंभीर जखम करते हे खरे. पण आरपार जाण्याचा आणि कठीण पृष्ठभागावरून उसळण्याचा धोका ती कमी करते. न्यूयॉर्क शहर पोलिसांनी १९९८ मध्ये या गोळ्या स्वीकारल्या, तेव्हा वाटसरूंची सुरक्षितता हाच प्रमुख युक्तिवाद होता. तथापि, नेम चुकलेली गोळी कोणत्याही रचनेची असली तरी घातकच असते. घरातील जिप्समच्या पातळ भिंतीतून ती पलीकडे जाऊ शकते.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत नागरिकांना पोकळ टोकाची काडतुसे वापरता येतात. न्यू जर्सीत मात्र ती घराबाहेर जवळ बाळगण्यावर कडक निर्बंध आहेत. काडतूस कोणतेही असले, तरी बळाचा वापर आवश्यक व प्रमाणबद्ध होता की नाही, यावरच न्यायालयात त्याची वैधता ठरते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ अन्वये शस्त्र व काडतुसे बाळगण्यास परवाना लागतो. ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर असल्याने नागरिकांकडे सामान्यतः .३२ बोअरची रिव्हॉल्व्हरे व पिस्तुले आढळतात. त्यामुळे अमेरिकेसारखी काडतुसांच्या निवडीची मुभा भारतातील परवानाधारकास नसते.