कॅबियसचे विवर आणि लाडबोरीची कडी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे ओळीने सरकत गेले. उल्कापात असावा, असे अनेकांना वाटले. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावच्या मोकळ्या जागेत धातूची एक भलीमोठी कडी येऊन पडली. व्यास सुमारे तीन मीटर. तालुक्यात एक धातूचा गोळाही सापडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ते मोहफुलांचे दिवस. पहाटे टोपली घेऊन रानात जाणारी बाई वाघाची चाहूल घेते. आभाळाची कशी घेणार?

ही कडी बहुधा चीनच्या लाँग मार्च अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याची, असे जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी सांगितले. हा अग्निबाण फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाला होता. काम संपले, इंधन संपले, आणि तो रिकामा सांगाडा वर्षभर पृथ्वीभोवती घिरट्या घालत राहिला. विरळ हवेच्या घर्षणाने त्याची कक्षा आखडत गेली. शेवटी तो कुठे पडेल, हे कोणाच्याच हातात नव्हते.

गंमत अशी, की अशाच एका रिकाम्या अग्निबाणाने चंद्रावरच्या पाण्याचा भक्कम पुरावा मिळवून दिला. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ कॅबियस नावाचे सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचे विवर आहे. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला. त्यामुळे ध्रुवावर सूर्य क्षितिजालाच चिकटून फिरतो आणि खोल विवरांच्या तळाशी ऊन कधी पोचतच नाही. तिथले तापमान उणे २३० अंशांच्या आसपास. अशा काळोखात बर्फ अब्जावधी वर्षे टिकू शकतो. पण बघायचा कसा?

'नासा'ने सरळ धडक द्यायचे ठरवले. ९ ऑक्टोबर २००९ रोजी सेंटॉर हा सुमारे सव्वादोन टनांचा वापरलेला टप्पा ताशी ९,००० किलोमीटर वेगाने कॅबियसमध्ये आदळवला. मागून येणारे एल-क्रॉस यान उडालेल्या धुरळ्यातून गेले, मोजमापे पाठवली आणि चार मिनिटांनी तेही तिथेच कोसळले. पृथ्वीवर दुर्बिणी लावून बसलेल्या हौशी मंडळींना काहीच दिसले नाही. फार हिरमोड झाला! पण मोजणीत दीडशे किलोहून अधिक पाणी निघाले, वाफ आणि बर्फाच्या रूपात. त्याआधी १४ नोव्हेंबर २००८ला आपल्या चांद्रयान-१ने तिरंगा रंगवलेली कुपी याच ध्रुवाकडे, शॅकल्टन विवराजवळ आदळवली होती.

कॅबियसमधली जागा महिनोन्‌महिने अभ्यासून निवडली होती. लाडबोरी कोणी निवडली नव्हती. थोडे इंधन राखून ठेवले, तर रिकामा टप्पा निर्जन समुद्रात उतरवता येतो. त्यासाठी वजन आणि पैसा लागतो, म्हणून टाळाटाळ होते.

कायदा आहे. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर उडवणाऱ्या देशाने भरपाई द्यायची. पण या करारात दावा सरकारने सरकारकडे करायचा, गावकऱ्याने नव्हे. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा तीस लाख डॉलर मिळायला १९८१ उजाडले.

आणि बोट केवळ चीनकडे दाखवून भागणार नाही. चांद्रयान-३ला नेणाऱ्या आपल्या अग्निबाणाचा वरचा टप्पाही १२४ दिवसांनी, १५ नोव्हेंबर २०२३ रोजी, असाच अनियंत्रित वातावरणात शिरला. 'इस्रो'च्या अंदाजानुसार तो उत्तर पॅसिफिक महासागरावर आला. त्याचा अखेरचा मार्ग भारतावरून गेला नव्हता.