साडी उघडेना!

वाचकहो, आधीच कबूल करतो, अस्मादिक मराठीचे मास्तर. संगणकाशी आमची सोयरीक विद्यार्थ्यांचे गुण भरण्यापुरती. पण मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या एका विणकराच्या कोसा साड्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना घरबसल्या दिसाव्यात असे मनात आले, आणि भाच्याला हाताशी धरून आम्ही चक्क अ‍ॅप तयार केले! कोडची एक ओळही न लिहिता अ‍ॅप जुळवून देणारी साधने आता पुष्कळ आहेत. त्यांतले अ‍ॅपशीट तर २०२० साली गूगलनेच विकत घेतले. वाण्याच्या वहीसारखा तक्ता भरावा, की त्याचे दुकान होते.

दोन वर्षे दुकान चालले. यंदा ऐन दिवाळीच्या तोंडावर विणकराचा फोन आला, ‘‘सर, गिऱ्हाईक थांबूनच नाही राहिलं! साडी दिसायच्या आधीच लोक अ‍ॅप बंद करून राहिले.’’

घड्याळ लावले. पहिली साडी दिसायला ५२ सेकंद! मागावर साडीला दिवसच्या दिवस लागतात हे खरे. पण तेवढा धीर पडद्यापुढे कोण धरणार?

आम्ही अर्थातच भंडाऱ्याच्या नेटवर्कला बोल लावला. पण पुण्याच्या मेहुण्यांकडेही तीच रड. मग वाटले, फोटो जड असतील. ते हलके केले. चार सेकंद वाचले. शेवटी भाच्याने कोणत्या तक्त्याला किती वेळ लागतो याची साधनातली नोंद उघडली. ‘‘मामाजी, साड्यांचा तक्ता तर लवकर येते. ऑर्डरची वहीच अडून राहिली.’’

गोम अशी होती. साडी शिल्लक आहे की नाही हे कळावे म्हणून आम्हीच एक हिशेबी रकाना घातला होता. तो प्रत्येक साडीसाठी सबंध वही नव्याने चाळी. साड्या ४००, वहीत नोंदी ३,०००. म्हणजे अ‍ॅप उघडले की १२ लाख वेळा ताडून पाहणे! आणि त्यासाठी ती वही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवर उतरत होती.

इथे आमच्या पोटात गोळा आला. वहीत नावे होती, पत्ते होते, फोन नंबर होते. ‘‘पण वही तर आपण लपवली आहे ना?’’ आम्ही विचारले. भाचा म्हणाला, ‘‘पडद्यावर लपवली, मामाजी. फोनमध्ये तर येऊनच राहिली.’’ दाखवायचे काय आणि पाठवायचे काय, या दोन निरनिराळ्या गोष्टी. पाठवण्याची गाळणी सर्व्हरवर लावावी लागते. ती आम्ही लावलीच नव्हती. घोंगडे अंगावर टाकून चोर लपत नाही, हे मास्तराला कळू नये!

त्याच रात्री वही त्या अ‍ॅपमधून काढली आणि विणकरासाठी वेगळ्या अ‍ॅपमध्ये ठेवली. ऑर्डर नोंदली की साडीच्या ओळीत ‘विकली’ असे एकदाच लिहिले जावे, अशी सोय केली. ५२ सेकंदांचे ६ झाले.

राहिला प्रश्न झाल्या गोष्टीचा. विणकर म्हणाला, ‘‘कोणाले समजलं नाही, सर. दिवाळी होऊन जाऊ द्या.’’ त्याचे वर्षाचे पैसे या पंधरवड्यात. त्याचे चूक तरी कसे म्हणावे? पण चूक आमची होती. रात्रभर तळमळलो आणि सकाळी त्याला राजी करून सर्व गिऱ्हाइकांना आमच्या नावाने पत्र धाडले.

दोघे रागावले, एकीने ऑर्डर रद्द केली. ठाण्याच्या एका आजींचे मात्र उत्तर आले, ‘‘कळवलेत, बरे केलेत. ती करवतकाठी अजून आहे ना?’’

होती. भाच्याने तत्काळ ‘विकली’ लिहिले.