बर्नचे कुत्रे आणि डोंबिवलीचा मोती

डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरून एका ताईंचं पत्र आलं आहे. (आमचं मानपाडा ठाण्याचं, घोडबंदर रोडवरचं. कुरिअरवाले या दोन मानपाड्यांत अजून घोळ घालतात.) ताईंच्या घरी पाच वर्षांचा मोती आहे. विसर्जनाच्या रात्री तो बाथरूममध्ये बादलीमागे शिरला तो सकाळी दूधवाला आला तेव्हा बाहेर निघाला. त्या लिहितात, ‘पहिल्या वर्षी नुसता भुंकायचा. म्हटलं, होईल सवय. पण दरवर्षी वाढतच चाललंय. आता दिवाळी तोंडावर आली. कुत्र्यांना आपल्या चौपट ऐकू येतं म्हणून असं होतं का?’

या चौपटीवरून मला एक गंमत सांगायचीच आहे.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थांनी १८७६च्या सुमारास माणसाच्या कानाच्या टप्प्याबाहेरचा आवाज काढणारी एक बारीकशी शिटी तयार केली. ती काठीच्या टोकाला बसवली, मुठीशी दाबायची सोय केली आणि स्वारी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात निघाली. पिंजऱ्याशी जायचं, काठीचं टोक जनावराच्या कानाजवळ न्यायचं, शिटी दाबायची आणि कान टवकारतो का ते बघायचं. मांजरं सगळ्यांत तिखट कानाची निघाली. मग गाल्टनसाहेब रस्त्यावर आले. लहान चणीचे कुत्रे वळून बघत, मोठे ढिम्म. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात मोठमोठे कुत्रे रस्तोरस्ती लोळत पडलेले असत, म्हणून तिथे त्यांनी तासन्‌तास शिटी वाजवली. एकानंही दाद दिली नाही. साहेबांनी ठरवलं, मोठ्या कुत्र्यांना हा आवाज ऐकूच येत नाही.

१९८३ साली हेन्री हेफनर या अमेरिकी संशोधकानं चिहुआहुआपासून सेंट बर्नार्डपर्यंतच्या कुत्र्यांची श्रवणशक्ती रीतसर तपासली. आकाराचा आणि उंच स्वर ऐकण्याचा काही संबंध नव्हता. कुत्रे साधारण ४५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकतात, आपण २० हजारांवर थांबतो. म्हणजे बर्नच्या त्या कुत्र्यांना शिटी बहुधा व्यवस्थित ऐकू येत होती, त्यांना तिचं सोयरसुतक नव्हतं इतकंच! (ज्या पुस्तकात हे शिटीपुराण आहे, त्याच पुस्तकात गाल्टननं माणसांची निवडक पैदास सुचवणारा ‘युजेनिक्स’ हा शब्द जन्माला घातला. त्यामुळे त्याची ही फजिती मला जरा जास्तच आवडते.)

तर ताई, ऐकू येणं वेगळं आणि भिणं वेगळं. ढग गडगडायच्या आधी वारा सुटतो, अंधारून येतं. सुतळी बॉम्ब सांगून येत नाही. नियमानं फटाक्याचा आवाज ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या आत हवा, पण मोतीला आकड्याशी काय करायचंय? आमच्याकडे एका बाजूला टॉवर आणि दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर, त्यामुळे एकच बॉम्ब दोनदा वाजतो. धोका कुठून आला हेच कळेना, तर जनावर पळणार कुठल्या दिशेला?

आणि ती ‘होईल सवय’. त्यासाठी १९२४ सालच्या लेनिनग्राडला जावं लागेल. त्या सप्टेंबरात शहरात पूर आला आणि कुत्र्यांवर शिकण्याचे प्रयोग करणाऱ्या पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढावं लागलं. कुत्रे वाचले. पण त्यांतले काही महिनोन्‌महिने शिकवलेलं विसरून बसले. पुढे त्यांतल्याच एकाच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती एक धार सोडली, तर त्याची पुन्हा पुराच्या दिवसासारखी गत झाली. २६ जुलै २००५च्या पुराच्या वेळी कल्याण-डोंबिवलीत तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे उलगडून सांगायला नको. पाऊस जरा लागून राहिला की त्यांचा हात अजून कपाटातल्या कागदपत्रांकडे जातो. घाबरवणाऱ्या गोष्टीची सवय होतेच असं नाही. पुष्कळदा भीती दर खेपेला व्याजासकट वाढते.

त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स हिनं भीती उतरवून दाखवली. मानसशास्त्राच्या पुस्तकांत जॉन वॉटसन ठळक अक्षरांत असतो. त्यानं एका तान्ह्या मुलाच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटून त्याला पांढऱ्या उंदराला भ्यायला शिकवलं. जोन्सबाईंनी याच्या नेमकं उलट केलं, आणि त्या तळटिपेत गेल्या. त्यांचा पीटर जेमतेम तीन वर्षांचा आणि सशाला घाबरणारा. तो उंच खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यातून आणायचा, त्याचं खाणं थांबणार नाही इतक्या अंतरावर ठेवायचा आणि रोज जरासा पुढे सरकवायचा. अखेर पीटरनं सशाला आपली बोटं कुरतडू दिली. मधे एकदा सगळं मुसळ केरात गेलं होतं. आजारातून उठून इस्पितळातून परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला आणि पोरगं पुन्हा पहिल्या पायरीवर. बाईंनी पुन्हा खाऊचा डबा उघडला. ‘वर्तनोपचाराची आई’ ही पदवी त्यांना मिळाली, पण फार उशिरा.

हाच खाऊचा डबा शंभर वर्षांनी कुत्र्यांच्या कामी आला, आणि तोही बर्नमध्येच! तिथल्या विद्यापीठातल्या स्टेफानी रीमर यांनी १२२५ श्वानपालकांना विचारलं, फटाक्यांच्या भीतीवर तुम्ही काय केलंत आणि गुण आला का? दर धमाक्यानंतर खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक म्हणाले, आला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचंही जवळपास तितकंच. अंगाला घट्ट बसणारी जाकिटं ४४ टक्क्यांवर अडली. होमिओपॅथी, फुलांचे अर्क, फेरोमोनचे फवारे तिशीच्या आसपास घुटमळले, म्हणजे नुसत्या विश्वासानं जितकं बरं वाटतं तितकंच. आणि बरं वाटतं ते बहुधा मालकाला! अर्थात हे सगळंच मालकांचं मत, प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे.

‘हिरवे फटाके आणा’ असं सुचवणारे भेटतील. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं ते तयार केले, त्यात धुळीचे कण सुमारे ३० टक्के कमी होतात, चांगलंच आहे. पण मोतीची तक्रार धुराबद्दल नाही.

आता कृती. मोती बाथरूममध्ये शिरला तर त्याला ओढून काढू नका. खिडकी लहान, चारी बाजूंना भिंती. जागा त्यानं अक्कलहुशारीनं निवडली आहे. तिथेच चादर अंथरा, जवळ बसा. जवळ घेतल्यानं भीती लाडावते हा समज सोडून द्या. फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून आतापासून सराव करता येईल, मात्र जमिनीची थरथर फोनमधून येत नाही. फिरवणं अंधार पडायच्या आत उरका, सेफ्टी डोअर लावून घ्या. दिवाळीत फटाक्यांना रात्री ८ ते १० हीच वेळ सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये ठरवून दिली. आमच्या सोसायटीतल्या घड्याळांना ते अजून समजलेलं नाही. मागच्या वर्षी फारच हाल झाले असतील, तर दिवाळीच्या आधी पशुवैद्यांना गाठा. घरातल्या माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका.

आणि खाऊ. आधी धमाका, मग तुकडा, हाच क्रम. उलटा झाला तर चिकनचा डबा उघडला की आता बॉम्ब फुटणार, असं मोती शिकेल. चिवड्यातले बेदाणे आणि चॉकलेट अजिबात नको, दोन्ही कुत्र्यांना विषारी. उकडलेलं चिकन किंवा पनीर चालेल. तुकडे मात्र हरभऱ्याएवढे करा, ताई. एक लड लागली की डबा बघता बघता रिकामा होतो.