थंड खोलीतले यंत्र वऱ्हाडातल्या घरात

बँका, विमा कंपन्या, नवी मुंबईतली डेटा सेंटर आपले सर्व्हर साधारण चार-सहा वर्षांनी बदलतात. यंत्र बिघडलेले असतेच असे नाही. हमीची मुदत संपते आणि नवे यंत्र तेवढ्याच विजेत जास्त काम करते. काढलेला माल जुन्या बाजारात येतो. मार्च २०१२ मध्ये आलेला इंटेलचा झीऑन ई५-२६७० हा आठ कोअरचा प्रोसेसर तेव्हा पंधराशे डॉलरच्या वर होता. आज तो किरकोळ भावात मिळतो. तो घेऊन दर्यापूरसारख्या गावी घरचा संगणक उभा करावा का?

करता येतो. पण सर्व्हर माणसाने शेजारी बसावे म्हणून घडवलेला नसतो. रॅकमधल्या सर्वांत चपट्या यंत्राची उंची जेमतेम साडेचार सेंटिमीटर. तेवढ्या जागेत मावणारे पंखे मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतात, आणि ती किंकाळी दार लावूनही ऐकू येते. चित्र दाखवणारी चिप देखरेखीपुरती, आवाजाची सोय बहुधा नाहीच. मेमरीही ‘रजिस्टर्ड’ जातीची. साध्या संगणकाला ती चालत नाही, म्हणून गिऱ्हाईक कमी आणि भाव उतरलेला. म्हणून रॅकचा डबा घेण्यापेक्षा त्याच झीऑनवर चालणारे जुने वर्कस्टेशन बरे. एचपीचे झेड६२०, डेलचे प्रिसिजन टी५६०० यांत मोठे, संथ पंखे असतात आणि ग्राफिक्स कार्डाला जागा असते. विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. लिनक्सची मात्र तक्रार नसते.

खरा हिशेब विजेचा. दोन प्रोसेसरांचे असे यंत्र नुसते चालू असताना सव्वाशे वॅट घेते असे धरू. रोज आठ तास म्हणजे महिन्याला ३० युनिट. पंधरा वॅटचा छोटा संगणक तेवढ्याच वेळात चार युनिटांच्या आत राहतो. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांपुढचा टप्पा बराच महाग, त्यामुळे स्वस्तात घेतलेले यंत्र दर महिन्याला थोडे थोडे पैसे मागत राहते. वीज गेली की इन्व्हर्टरवर जवळपास दोन पंख्यांचा भार.

शिवाय घेतलेली वीज शेवटी उष्णताच होते. सव्वाशे वॅट म्हणजे खोलीत एक माणूस जास्तीचा बसल्यासारखे. डेटा सेंटरमध्ये यंत्रात शिरणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी असा संकेत आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. कूलरचा झोत यंत्रावर सोडण्याचा मोह होईल, तो टाळावा. ती हवा दमट असते, आणि दर्यापूर खारपाणपट्ट्यात येते. इथल्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या जाळीवर क्षारांचा थर चढतो, तोच फवाऱ्याबरोबर सर्किटवर बसू शकतो.

मग हा खटाटोप कशासाठी? पत्रे टाइप करायला, बातम्या वाचायला नक्कीच नाही. त्या कामांत एकेका कोअरचा वेग लागतो आणि तिथे आजचा साधा प्रोसेसरही या जुन्या पहिलवानाला मागे टाकतो. याचे बळ वेगळे: एकाच वेळी अनेक सुटी कामे. वाचनालयांत पिवळे पडत चाललेले दिवाळी अंक घ्या. पानांची छायाचित्रे मोबाइलवर काढता येतात, पण चित्रात शब्द शोधता येत नाही. टेसरॅक्ट ही अक्षरओळख प्रणाली ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडली, २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि तिला मराठी वाचता येते. प्रत्येक पान स्वतंत्र असल्याने सोळा कोअर सोळा पाने एकदम घेतात. रात्रभराच्या कामात सर्व्हरची मेमरी एका बिटाची चूक आपणच दुरुस्त करते, हीही सोय. फुटका खिळा आणि पुसट जोडाक्षर यांपुढे मात्र यंत्र अडखळते. तिथे मुद्रितशोधकाची नजरच लागते.

असे काम उन्हाळ्यात काढू नये. दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागल्या की झोपताना पाने लावून द्यावीत, सकाळी यंत्र बंद करावे, आणि तपासणी दिवसा पंधरा वॅटच्या संगणकावर करावी.