आवडते चित्र दुसऱ्यास दाखविताना

आपणांपैकी बहुतेकांच्या घरी भिंतीवर एखादे तरी चित्र असते. कोणाकडे दिनदर्शिकेवरील लक्ष्मी असते, कोणाकडे चौकटीत बसविलेली शकुंतला, तर कोणाकडे हाती दिवा घेतलेली एखादी स्त्री. वर्षानुवर्षे ते चित्र आपल्यासमोर असते आणि दिवाळीच्या सुमारास त्याच्या काचेवरील धूळ नेमाने पुसली जाते. पण घरातील एखाद्या मुलाने “हे कोणी काढले? आणि आपल्याला ते का आवडते?” असे विचारले, तर “छान आहे म्हणून” यापलीकडे आपण काय सांगू शकू?

एखादे गाणे आवडले की ते आपण शेजाऱ्यासही ऐकवितो. चित्राच्या बाबतीत मात्र आपण संकोचतो. कलेतले आपल्याला काय कळते, असे म्हणून बाजूस होतो. हा संकोच अनाठायी आहे. चित्र पाहण्यास प्रथम लागतो तो थोडा वेळ, आणि ते दुसऱ्यास दाखविण्यास लागतात आपण पाहिलेल्या दोन-चार गोष्टी. ‘मला आवडले’ एवढे म्हटल्याने ऐकणाऱ्यास काहीच मिळत नाही. ‘मला येथे हे दिसले’ असे म्हटले, म्हणजे त्याचेही डोळे त्या जागी जातात.

चित्र घरात आले कसे?

एके काळी उत्तम चित्रे राजवाड्यांत आणि धनिकांच्या दालनांतच असत. ती सामान्य माणसाच्या भिंतीवर येण्यास ज्यांचे प्रयत्न विशेष कारणीभूत झाले, त्यांत राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचे नाव अग्रभागी आहे. केरळातील किळिमानूर येथे जन्मलेल्या या चित्रकाराने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. तेथून निघालेल्या रंगीत तसबिरी देशभर पोहोचल्या आणि असंख्य कुटुंबांनी लक्ष्मी-सरस्वतीचे जे रूप मनात धरले, ते या तसबिरींतले होय.

या सोयीबरोबर एक अडचणही आली. चित्राच्या प्रती दूरवर गेल्या, पण चित्रकाराचे नाव त्यांच्याबरोबर गेलेच असे नाही. पुष्कळांची समजूत अशी झाली की, साडी नेसलेली सुंदर स्त्री चित्रात असली म्हणजे ते चित्र रविवर्म्याचेच. या समजुतीने एका थोर मराठी चित्रकारावर अन्याय केला आहे.

दिवा कोणाचा?

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात एक चित्र आहे. एक स्त्री उभी आहे. तिच्या एका हातात दिवा आहे आणि दुसरा हात तिने ज्योतीच्या आड धरला आहे. त्या हाताच्या बोटांतून प्रकाश पाझरतो आणि बोटांच्या कडा तांबूस दिसतात. तोच उजेड खालून तिच्या मुखावर पडला आहे. भोवती सारा अंधार. ‘ग्लो ऑफ होप’ या इंग्रजी नावाने हे चित्र प्रसिद्ध आहे आणि त्याच्या प्रती आपणही कोठे ना कोठे पाहिल्या असतील.

हे रविवर्म्याचे तैलचित्र आहे, असे आजही अनेक जण सांगतात. वास्तविक ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५–४६ च्या सुमारास काढले. त्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे रविवर्मा निवर्तले होते. हळदणकरांचा जन्म १८८२ मध्ये सावंतवाडी येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकला-संस्था सुरू केली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी ते एक होते. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. या चित्रासाठी दिवा घेऊन उभी राहिली होती ती त्यांची कन्या गीता.

कोणी म्हणेल, नाव चुकले तरी चित्राचे सौंदर्य कोठे कमी होते? कमी होत नाही. पण ते पुरते दिसत नाही. कारण हे चित्र तैलरंगांतील नसून कागदावर जलरंगांत केलेले आहे. तैलरंगांत गडद छटेवर मागाहून फिकट रंग चढवून उजेड दाखविता येतो. पारदर्शक जलरंगांत उजेड म्हणजे खालचा कागदच. तेथे प्रकाश हवा तेथे रंग पातळ ठेवावा लागतो किंवा मुळीच लावावयाचा नसतो. गडद रंग एकदा बसला की तो काढणे कठीण. म्हणजे अंधार रंगविण्यापूर्वीच कोणता भाग उजळ राखावयाचा, हे चित्रकाराने मनाशी निश्चित केलेले असते. बोटांतून पाझरणारा तो उजेड लावलेला नाही, राखलेला आहे. हे ध्यानात आले म्हणजे त्या हाताकडे आपण नव्या आदराने पाहू लागतो. चित्रकाराचे नाव आणि त्याचे माध्यम नीट सांगणे ही नुसती पंडिती नव्हे. त्यामुळे काय पाहावयाचे ते कळते.

अकरा स्त्रिया

त्याच संग्रहात रविवर्म्याचे १८८९ मधील एक तैलचित्र आहे आणि ते खरोखर त्यांचेच आहे. भारताच्या निरनिराळ्या भागांतील व समाजांतील अकरा स्त्रिया संगीतासाठी एकत्र जमल्या आहेत. केरळची एक नायर स्त्री वीणा वाजवीत आहे. कोणी बसल्या आहेत, कोणी उभ्या आहेत. प्रत्येकीचे वस्त्र निराळे आणि ते नेसण्याची तऱ्हाही निराळी.

निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबांनी हे चित्र मुद्दाम एकत्र पाहावे. प्रथम प्रत्येक जण आपल्याकडील पोशाख शोधील, आणि तेथून बोलणे सुरू होईल. मग मुलांना एक प्रश्न विचारावा: यांतील कोण वाजविते आहे, कोण ऐकते आहे, आणि कोणाचे मन दुसरीकडेच आहे? उत्तरे एकसारखी येणार नाहीत. तशी येऊ नयेतच. एकाच चित्रापुढे बसलेली माणसे जेव्हा निरनिराळे सांगतात, तेव्हा सर्वांनाच चित्र अधिक दिसते.

आवडण्यास वेळ लागणारे चित्र

काही चित्रे मात्र पहिल्या भेटीत बोलत नाहीत. अमृता शेरगिल यांचे ‘तीन मुली’ हे १९३५ चे चित्र असे आहे. अमृता यांचा जन्म १९१३ मध्ये बुडापेस्ट येथे झाला. वडील पंजाबी, आई हंगेरियन. पॅरिस येथे शिक्षण घेऊन त्या १९३४ मध्ये भारतात परतल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी हे चित्र केले. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यास सुवर्णपदक दिले. अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यानंतर १९४१ मध्ये लाहोर येथे त्यांचा अंत झाला.

या चित्रात तीन तरुण मुली जवळजवळ बसल्या आहेत. कथा नाही, प्रसंग नाही, मागे देखावाही नाही. वस्त्रांचे रंग तेजस्वी आहेत. मुद्रा मात्र गंभीर. त्या एकमेकींशी बोलत नाहीत आणि आपल्याकडेही पाहत नाहीत. हाच तो विरोध. रंग सणाचे आहेत आणि शांतता कसल्याशा प्रतीक्षेची आहे. घरातील आजीबाईंना हे चित्र दाखवून पाहावे. आपल्या लग्नापूर्वीच्या दिवसांविषयी त्या कदाचित असे काही बोलतील, जे आजवर कोणी त्यांना विचारलेच नव्हते.

चित्र लोकांच्या वाटेवर

आपले आवडते चित्र लोकांपुढे ठेवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच देशात झालेला आहे. १९३८ मध्ये गुजरातेतील हरिपुरा या खेड्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथील सजावटीसाठी गांधीजींच्या इच्छेवरून नंदलाल बसू यांनी चित्रफलक तयार केले. त्यांत ढोल वाजविणारा आहे, शिंपी आहे, घरकामात गढलेली स्त्री आहे. जाड, वाहत्या रेषा आणि मातीच्या जवळचे रंग. अधिवेशनास आलेल्या खेडुतांना हे कोणाचे चित्र आहे ते समजावून सांगावे लागले नसेल, कारण त्यांचाच व्यवसाय तेथे मानाने मांडला होता. चित्र समजण्यास मोठे शिक्षण लागते, या समजुतीस यापेक्षा उत्तम उत्तर नाही.

आपल्या घरी काय करावे?

याकरिता फार खर्च करावयास नको. महिन्यास एक चित्र निवडावे. पुस्तकातील पान चालेल किंवा चांगली छापील प्रत चालेल. मोबाइलच्या पडद्यावर दिवसाकाठी शेकडो चित्रे डोळ्यांपुढून सरकतात, म्हणूनच एक चित्र महिनाभर एका जागी असावे. पहिले दोन-तीन दिवस कोणी काही सांगू नये. मग जेवणानंतर प्रत्येकाने आपणांस दिसलेली एकच गोष्ट सांगावी. लहानाने प्रथम, मोठ्याने शेवटी. त्यानंतर चित्रकाराचे नाव, गाव, साल आणि माध्यम एका चिठ्ठीवर लिहून चित्राखाली लावावे. एखाद्यास चित्र आवडले नाही, तर त्यासही कारण सांगू द्यावे.

आणि संधी मिळताच मूळ चित्र पाहावे. नवी दिल्लीतील जयपूर हाउसमध्ये १९५४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे अमृता शेरगिल आणि नंदलाल बसू यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. मुंबई आणि बंगळूर येथेही या संग्रहालयाच्या शाखा आहेत. छापील प्रतीत चित्राचा आकार आणि रंगाचा पोत हरवतो. मुळापुढे उभे राहिले म्हणजे ते परत मिळते.

आपल्या भिंतीवरील चित्राकडे आज संध्याकाळी पुन्हा एकदा पाहावे. त्याखाली कोणाचे नाव लिहावयाचे, ते शोधून काढावे. मग घरातील सर्वांत धाकट्याला जवळ बोलावून विचारावे, “तुला यात काय दिसते?”