सरकार शेतकऱ्याला काय देते?

शहरातला माणूस म्हणतो, "शेतकऱ्याला सगळे फुकट मिळते." गावातला शेतकरी म्हणतो, "सरकारने आम्हांला दिले तरी काय?" दोघेही खोटे बोलत नाहीत. मग गोम कुठे आहे? ती आहे न दिसणाऱ्या पैशात.

युरियाची गोणी घ्या. ४५ किलोची गोणी आपण सुमारे २६६ रुपयांना आणतो. ती तयार करायला याच्या कितीतरी पट खर्च येतो. वरचा पैसा सरकार भरते. यालाच अनुदान म्हणतात. पण हा पैसा खत कंपनीला जातो, आपल्या हाती येत नाही. म्हणून आपल्याला तो दिसत नाही. शहरातला माणूस मात्र वर्तमानपत्रात मोठा आकडा वाचतो आणि तो शेतकऱ्याच्या नावावर मांडतो.

या स्वस्ताईची दुसरी बाजूही पाहा. डीएपी, पोटॅश महाग, म्हणून पुष्कळजण युरियाच जास्त टाकतात. पीक हिरवेगार दिसते, पण कीड लवकर लागते. आमच्या मते हा दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. भावच तसे ठेवलेले आहेत.

आता पीएम-किसान. ही योजना २०१९ साली सुरू झाली. वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत. म्हणजे दिवसाला साधारण सोळा रुपये, चहापाण्यालाच जातील! खताच्या अनुदानापेक्षा सरकारचा हा खर्च बराच कमी आहे. पण पैसा खात्यात पडतो, मोबाइल वाजतो. म्हणून पारावर बोलणे चालते ते याच पैशाचे.

आणि सरकार जे घेते, ते? ते तर कुठल्याच वहीत लिहिलेले नसते. ८ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. हेतू हा, की शहरात कांदा महाग होऊ नये. शहरातला हमाल, मोलकरीण हीही गरीबच माणसे. त्यांच्या ताटाची काळजी करणे वाईट नाही. पण तिचा भार पडला नाशिक-नगरकडच्या कांदेवाल्यावर. लासलगावच्या बाजारात भाव कोसळले. ही बंदी ४ मे २०२४ ला उठली. तीही पुरती नाही. बाहेर जाणाऱ्या कांद्यावर ४० टक्के कर बसला. तोवर खरिपाचा कांदा केव्हाच विकून झाला होता.